दिवाळे एकाचे, न्यायालय कोणाचे?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जून २०२४ रोजी पर्ड्यू फार्मा या औषध कंपनीच्या दिवाळखोरीचा आराखडा पाच विरुद्ध चार अशा मताधिक्याने फेटाळला. कंपनीच्या मालकीचे धनी असलेल्या सॅकलर कुटुंबाने स्वतःचे दिवाळे न काढता दिवाळखोरीच्या कायद्याचे संरक्षण मागितले होते. बाधितांच्या संमतीवाचून ते देता येणार नाही, असा या निकालाचा आशय होता. एका धनाढ्य घराण्याची सुटका हुकली, एवढ्यापुरतेच या निकालाकडे पाहणे योग्य ठरणार नाही. त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न त्या प्रजासत्ताकाइतकाच जुना आहे. एखाद्या व्यक्तीचे वा कंपनीचे दिवाळे निघाले म्हणजे तिच्याशी दुरून वा जवळून संबंध असणारे सर्व तंटे एकाच संघीय न्यायालयाच्या छपराखाली आणावेत, की जे तंटे राज्यांच्या कायद्यांतून उद्भवले ते राज्यांच्या न्यायालयांतच राहू द्यावेत?

वरवर पाहता हा वकिली काथ्याकूट वाटेल. परंतु एखाद्या आजारी कामगाराचे गाऱ्हाणे त्याच्या गावच्या ज्यूरीपुढे ऐकले जाणार, की हजार मैलांवरील न्यायालयात कागदावरचा एक क्रमांक म्हणून त्याची वासलात लागणार, हे या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. एखाद्या लहान पुरवठादाराला आपला बचाव आपल्या राज्यात करता येईल की नाही, हेही त्यावरच अवलंबून असते. म्हणून त्याचा विचार सामान्य नागरिकाच्या बाजूनेही व्हायला हवा.

अमेरिकेची न्यायव्यवस्था दुपदरी आहे. पन्नास राज्यांची न्यायालये स्वतंत्र. त्यांच्या शेजारी संघराज्याची न्यायालये वेगळी. करार, मालमत्ता, वारसा, विवाह, निष्काळजीपणामुळे झालेली इजा हे दैनंदिन जीवनाचे बहुतेक विषय राज्यांच्या कायद्यांत मोडतात. दिवाळखोरीचा विषय मात्र संघराज्याचा. फिलाडेल्फिया येथे १७८७ मध्ये तयार झालेल्या राज्यघटनेने दिवाळखोरीबाबत देशभर एकसारखे कायदे करण्याचा अधिकार काँग्रेसला दिला. पेच इथेच सुरू होतो. दिवाळखोराची देणी आणि येणी ही राज्यांच्या कायद्यांनी निर्माण होतात आणि त्यांचा हिशेब मात्र संघराज्याच्या कायद्याने होतो.

एका छपराचे अर्थशास्त्र

संघीय न्यायालयाच्या बाजूचा युक्तिवाद प्रथम समजून घेतला पाहिजे, कारण तो भक्कम आहे. समजा, एका कारखान्याची देणी एक कोटी डॉलरची आहेत आणि चालू स्थितीत त्याची किंमत साठ लाख आहे. प्रत्येक धनकोला मोकळीक दिली, तर जो आधी न्यायालय गाठेल तो यंत्रे उचलून नेईल, दुसरा कच्चा माल जप्त करील, तिसरा बँकेतील शिल्लक गोठवील. सुट्या भागांची किंमत कदाचित पस्तीस लाखही येणार नाही. प्रत्येकाचे वागणे त्याच्या परीने शहाणपणाचे असते, पण सर्वांचे मिळून नुकसान होते. गावच्या गायरानात प्रत्येकाने आपली गुरे सोडली म्हणजे गवताचे जे होते, तेच येथे मालमत्तेचे होते.

म्हणूनच दिवाळखोरीचा अर्ज दाखल होताच ऋणकोविरुद्धची वसुली आपोआप स्थगित व्हावी, सर्व मालमत्ता एका हाती यावी आणि सारख्या दर्जाच्या धनकोंना सारख्या प्रमाणात वाटा मिळावा, ही व्यवस्था उभी राहिली. ती पन्नास राज्यांच्या न्यायालयांतून चालवता येणार नाही, हे उघड आहे. ॲस्बेस्टॉसचे उत्पादन करणाऱ्या जॉन्स-मॅनव्हिल कंपनीने ऑगस्ट १९८२ मध्ये दिवाळखोरीचा आश्रय घेतला, तेव्हा तिच्यावर सोळा हजारांहून अधिक दावे चालू होते आणि आणखी किती रुग्ण पुढे येतील याचा अंदाज कोणालाच नव्हता. त्यांच्यासाठी १९८८ मध्ये निघालेला निधीही काही वर्षांतच अपुरा पडला आणि १९९५ पासून मंजूर रकमेच्या केवळ दहा टक्के भरपाई देण्याची पाळी आली. अशा प्रसंगी पहिल्या हजार फिर्यादींना राज्य न्यायालयांतून पूर्ण रक्कम आणि उरलेल्यांच्या हाती शून्य, हा न्याय म्हणता आला नसता. वाटणीचे काम एकाच ठिकाणी व्हायला हवे, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही.

वाद आहे तो वाटणीच्या पलीकडे किती जायचे, याबद्दल.

इतिहासाचा लंबक

अमेरिकेत या प्रश्नाचा लंबक दोन शतके एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात राहिला. घटनेने अधिकार दिला, तरी काँग्रेसने प्रारंभी तो तुरळकच वापरला. १८००, १८४१ आणि १८६७ चे कायदे एकेका आर्थिक संकटाच्या पोटी जन्मले आणि अनुक्रमे १८०३, १८४३ आणि १८७८ मध्ये रद्द झाले. मधल्या काळात राज्यांनी आपापले नादारीचे कायदे चालवले. पण परराज्यातील धनकोचे देणे आपल्या कायद्याने माफ करण्याची मुभा राज्याला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १८२७ मध्ये ठरवल्याने त्या कायद्यांचा हात तोकडाच राहिला.

१८९८ चा कायदा टिकला, आणि त्याने एक विभागणी पत्करली. दिवाळखोराच्या ताब्यातील मालमत्तेविषयीचे तंटे दिवाळखोरी न्यायालयाने संक्षिप्त पद्धतीने सोडवावेत. परंतु विश्वस्ताला तिऱ्हाइताकडून काही वसूल करायचे असेल, तर त्याने सामान्यतः त्याच न्यायालयात जावे जिथे दिवाळखोर स्वतः गेला असता. तत्त्व सरळ होते. शेजाऱ्याचे दिवाळे निघाले, एवढ्यामुळे ज्याच्यावर दावा करायचा त्या माणसाचे न्यायालय बदलू नये. व्यवहारात मात्र ताबा कोणाचा, संमती होती की नव्हती, या प्राथमिक वादांतच वर्षे जाऊ लागली. या गोंधळाला कंटाळून काँग्रेसने १९७८ मध्ये लंबक पार दुसऱ्या टोकाला नेला. दिवाळखोरीशी ‘संबंधित’ असलेला कोणताही दिवाणी तंटा नव्या दिवाळखोरी न्यायाधीशांपुढे आणण्याची सोय झाली.

ही सोय चार वर्षेही टिकली नाही. नॉर्दर्न पाइपलाइन या बांधकाम कंपनीने जानेवारी १९८० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि लगेच मॅरेथॉन पाइप लाइन कंपनीवर करारभंगाचा दावा त्याच न्यायालयात लावला. मॅरेथॉनचे दिवाळे निघाले नव्हते, तिने त्या प्रक्रियेत काही मागितलेही नव्हते. तंटा निव्वळ राज्याच्या करारविषयक कायद्याचा होता. सर्वोच्च न्यायालयाने २८ जून १९८२ रोजी निर्णय दिला, की असा तंटा निकालात काढण्याचा अधिकार दिवाळखोरी न्यायाधीशांना देणे घटनाबाह्य आहे. संघराज्याच्या पूर्ण अधिकाराच्या न्यायाधीशाला तहहयात पद असते आणि त्याचे वेतन कमी करता येत नाही. सरकारच्या वा बलिष्ठांच्या दडपणापासून नागरिकाचे रक्षण व्हावे, म्हणून ही तजवीज. दिवाळखोरी न्यायाधीशाची मुदत चौदा वर्षांची, आणि वेतनाची हमी नाही. काँग्रेसला दुरुस्ती करण्यास वेळ मिळावा म्हणून निकालाची अंमलबजावणी प्रथम ऑक्टोबर आणि मग डिसेंबर १९८२ पर्यंत लांबवण्यात आली. तरी नवा कायदा व्हायला जुलै १९८४ उजाडला. तोवर देशातील दिवाळखोरी न्यायालये एका तात्पुरत्या नियमाच्या टेकूवर चालली होती.

१९८४ च्या तडजोडीने अधिकार नावापुरते जिल्हा स्तरावरील संघीय न्यायाधीशांकडे दिले आणि दिवाळखोरी न्यायाधीशांना त्यांचे मदतनीस बनवले. गाभ्याचे तंटे त्यांनी निकालात काढावेत. केवळ ‘संबंधित’ तंट्यांत निष्कर्ष सुचवावेत. राज्य न्यायालयांविषयीच्या सौहार्दापोटी संघीय न्यायालयाने हात आखडता घ्यावा, अशी मुभा ठेवली आणि काही प्रसंगी ती सक्तीचीही केली. राज्याच्या कायद्यावर आधारलेला दावा तेथे आधीच दाखल असेल आणि वेळेत निकाली निघण्यासारखा असेल, तर पक्षकाराने वेळीच मागणी केल्यावर संघीय न्यायालयाने तो सोडून द्यायचा. पण शरीराला झालेल्या इजेमुळे दिवाळखोराकडून भरपाई मागणाऱ्यांना मात्र ही सक्ती लागू नाही! त्यांचे दावे जिल्हा स्तरावरील संघीय न्यायालयात चालवण्याची तरतूद आहे. ज्यांना गावच्या ज्यूरीची सर्वाधिक गरज, त्यांच्याच बाबतीत कायद्याने दार अर्धवट लोटून ठेवले.

तडजोडीने वाद मिटला नाही, याचा पुरावा मार्शल खटल्याने दिला. टेक्ससमधील वृद्ध तेलसम्राट जे. हॉवर्ड मार्शल यांच्या विधवेने, ॲना निकोल स्मिथ या नावाने प्रसिद्ध असलेल्या विकी लिन मार्शल यांनी, १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात दिवाळखोरीचा अर्ज केला. सावत्र मुलाने तेथे बदनामीची मागणी नोंदवली. तिने पतीने देऊ केलेली संपत्ती त्याने हिरावल्याचा प्रतिदावा केला. दिवाळखोरी न्यायालयाने तिला चाळीस कोटी डॉलरहून अधिक रक्कम मंजूर केली. टेक्ससच्या वारसा न्यायालयातील ज्यूरीने त्याच वादात मुलाच्या बाजूने कौल दिला. प्रकरण दोनदा सर्वोच्च न्यायालयात गेले. २०११ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी अंतिम निकाल लागला, की अशा प्रतिदाव्यावर अखेरचा हुकूम देण्याचा घटनात्मक अधिकार दिवाळखोरी न्यायाधीशास नव्हता. तोपर्यंत दोन्ही पक्षकार मरण पावले होते. निवाडा कोणी करावा, एवढेच ठरवण्यात पंधरा वर्षे गेली.

येणे, देणे आणि तिऱ्हाईत

या साऱ्या गुंत्यातून मार्ग काढण्यासाठी कायद्याच्या पारिभाषिक शब्दांपेक्षा आपल्या जुन्या वहीखात्याचे शब्द अधिक उपयोगी पडतील. दिवाळखोराच्या संदर्भात तंटे तीन जातींचे असतात: देण्याचे, येण्याचे आणि तिऱ्हाइतांमधले.

देण्याच्या बाबतीत संघीय न्यायालयाचा अधिकार निर्विवाद आहे. कोणाचे देणे आधी, कोणाचे नंतर, कोणाला रुपयात किती आणे, हे तेथेच ठरावे. जो धनको आपली मागणी नोंदवतो, तो आपण होऊन त्या पंगतीत बसतो. पंगतीचे नियम त्याने पाळले पाहिजेत. दिवाळे निघण्यापूर्वी एखाद्या मर्जीतल्या धनकोला गुपचूप चुकते केलेले पैसे परत मागण्याचा हक्कही दिवाळखोरीच्या कायद्यानेच निर्माण केलेला असल्याने तो तंटाही संघीय व्यवस्थेतच शोभतो. अर्थात, देणे किती आहे हे ठरवणे आणि त्यातले किती मिळणार हे ठरवणे, ही दोन निरनिराळी कामे आहेत. यंत्रात हात सापडलेल्या कामगाराच्या नुकसानीचे मोल राज्याची ज्यूरी ठरवू शकते. ती रक्कम मालमत्तेतून कधी आणि किती प्रमाणात द्यायची, हे संघीय न्यायालयाने ठरवावे. स्थगिती तेवढ्यापुरती उठवून दावा मूळ न्यायालयात पुढे चालवू देण्याची पद्धत अमेरिकेत आजही आहे. ती अपवादाऐवजी नियम व्हायला हवी.

येण्याची गोष्ट वेगळी. दिवाळखोराचे कोणाकडे पैसे येणे असतील, तर तो हक्क विश्वस्ताकडे जसाच्या तसा आला. त्याच्याबरोबर नवे न्यायालय निवडण्याचा जादा हक्क का यावा? मॅरेथॉनने करार केला तेव्हा समोरच्याचे दिवाळे निघेल, ही काही तिने पत्करलेली अट नव्हती. राज्याच्या कायद्यावर आधारलेली येणी राज्याच्याच न्यायालयात वसूल व्हावीत, हे १८९८ चे तत्त्व चुकीचे नव्हते. त्याची यंत्रणा तेवढी किचकट होती.

तिसरी जात तिऱ्हाइतांमधल्या तंट्यांची. ज्यात वादीही दिवाळखोर नाही आणि प्रतिवादीही नाही, अशा दाव्याचा दिवाळखोरीशी संबंध कसा पोहोचतो? तो पोहोचतो एका शब्दाच्या खांद्यावर बसून. ‘संबंधित’ म्हणजे काय, याचे उत्तर देताना तिसऱ्या विभागाच्या अपील न्यायालयाने पेकर या रसायन वितरक कंपनीच्या खटल्यात १९८४ मध्ये कसोटी घालून दिली, की दाव्याच्या निकालाचा दिवाळखोराच्या मालमत्तेवर काही परिणाम होईल अशी कल्पना करता आली, तरी पुरे. त्या खटल्यात प्रत्यक्ष निकाल संघीय अधिकाराविरुद्धच गेला. पण कसोटीचे शब्द उरले आणि देशभर पसरले. कल्पनेला मर्यादा नसते, हे पुढे मोठ्या कंपन्यांच्या वकिलांनी चांगलेच ओळखले.

टाल्कम पावडरचा धडा

जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तिच्या टाल्कम पावडरमुळे कर्करोग झाल्याचा आरोप करणारे हजारो दावे राज्यांच्या न्यायालयांत होते. तिला टाल्क पुरवणाऱ्या इमेरिस टाल्क अमेरिका या कंपनीने फेब्रुवारी २०१९ मध्ये दिवाळखोरीचा आश्रय घेतला. त्यावर जॉन्सन अँड जॉन्सनने असा पवित्रा घेतला, की पुरवठ्याच्या करारांत परस्पर भरपाईची कलमे असल्याने आपल्याविरुद्धचे सुमारे २,४०० दावेही इमेरिसच्या दिवाळखोरीशी ‘संबंधित’ आहेत आणि ते सर्व डेलावेअरच्या संघीय न्यायालयात एकत्र यावेत. दिवाळे पुरवठादाराचे आणि न्यायालय बदलायचे ग्राहक कंपनीच्या फिर्यादींचे! डेलावेअरच्या न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये ही मागणी फेटाळली.

पण प्रयत्न थांबले नाहीत. कंपनीने ऑक्टोबर २०२१ मध्ये टेक्ससच्या कायद्याचा आधार घेऊन आपले विभाजन केले, दाव्यांचे ओझे एका नवजात उपकंपनीच्या डोक्यावर ठेवले आणि तिच्या नावाने नॉर्थ कॅरोलायनात दिवाळखोरीचा अर्ज केला. मूळ कंपनी न्यू जर्सीची. प्रकरण शेवटी तिथेच वर्ग झाले. सुमारे ३८ हजार दावे जवळजवळ दीड वर्ष खोळंबले. अपील न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये अर्ज फेटाळण्यास सांगितले, कारण जिच्या पाठीशी साडेएकसष्ट अब्ज डॉलरचे पाठबळ आहे तिला आर्थिक विपन्नावस्थेत म्हणता येत नाही. दुसरा अर्ज जुलै २०२३ मध्ये फेटाळला गेला. ह्यूस्टन येथील तिसरा ३१ मार्च २०२५ रोजी. तीनही वेळा न्यायालयांनी शहाणपण दाखवले, हे खरे. परंतु दरम्यान गेलेला काळ कर्करोगाच्या रुग्णांचा होता. त्यांच्यातील कित्येकांकडे तो उसना देण्याइतका नसतो.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर दिवाळखोरीचे संरक्षण ही एक मूल्यवान वस्तू आहे आणि तिला किंमत आहे. ऋणकोने आपली सारी मालमत्ता न्यायालयापुढे मांडावी, व्यवहार उघडे करावेत, मालकांनी आपला हिस्सा गमावण्याची तयारी ठेवावी, ही ती किंमत. ‘संबंधित’ या शब्दाची व्याप्ती जेवढी वाढेल तेवढे ही किंमत न मोजता माल उचलणारे वाढतील. सॅकलर कुटुंबाने कंपनीतून सुमारे ११ अब्ज डॉलर काढून घेतले आणि मग सहा अब्जांपर्यंतच्या देणगीच्या बदल्यात कायमची मुक्ती मागितली. मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१८ मध्ये आपल्याच न्यायालयात त्या कुटुंबातील व्यक्तींवर लावलेल्या दाव्यासारखे राज्यांचे दावेसुद्धा कंपनीच्या दिवाळखोरीमुळे थोपवले गेले होते. २०२४ च्या निकालानंतर काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये मंजूर झालेल्या नव्या आराखड्यात संमती न देणाऱ्यांचा दावा करण्याचा हक्क शाबूत राहिला, आणि कुटुंबाने द्यावयाची रक्कम घटण्याऐवजी साडेसहा ते सात अब्जांपर्यंत वाढली. राज्य न्यायालयाचे दार उघडे राहिले की तडजोड मोडते, ही भीती येथे खोटी ठरली. दार उघडे होते म्हणूनच सौदा अधिक रास्त झाला.

आक्षेप आणि उत्तर

या भूमिकेवर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला, खर्चाचा. विश्वस्ताला दहा राज्यांत दहा वकील नेमावे लागले, तर धनकोंच्या वाट्याचे पैसे वकिलांच्या खिशात जातील. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. परंतु खर्च नाहीसा होत नाही, तो केवळ एका खांद्यावरून दुसऱ्यावर जातो. विश्वस्ताची सोय म्हणून ओहायोतील छोट्या कंत्राटदाराला न्यूयॉर्कच्या न्यायालयात खेचले, म्हणजे तोच खर्च त्याच्यावर पडतो, आणि परवडत नाही म्हणून तो खरा बचावही सोडून देतो. शिवाय मार्शल खटल्यासारख्या अधिकारक्षेत्राच्या वादांवर झालेला खर्च या हिशेबात कोणी धरत नाही. स्पष्ट सीमारेषा ही स्वतःच मोठी बचत असते.

दुसरा आक्षेप स्थानिक पक्षपाताचा. राज्याची ज्यूरी बाहेरच्या कंपनीवर खार खाते, मनाला येईल तेवढी भरपाई ठोकते, असे म्हटले जाते. अशी उदाहरणे आहेत. पण त्यांवर उपाय म्हणून राज्यांची अपील न्यायालये आहेत, आणि निरनिराळ्या राज्यांच्या नागरिकांमधील मोठ्या रकमेचे तंटे संघीय न्यायालयात नेण्याची वेगळी तरतूद घटनेच्या आरंभापासून आहे. त्यासाठी दिवाळखोरीच्या कायद्याचा आडमार्ग कशाला हवा? पक्षपाताची बोलणी करताना हेही पाहिले पाहिजे, की बड्या कंपन्या दिवाळखोरीचा अर्ज कोठे करायचा याची निवड फार काळजीपूर्वक करतात. पर्ड्यूचे मुख्यालय कनेटिकटमध्ये. अर्ज न्यूयॉर्क राज्यातील व्हाइट प्लेन्सला. न्यायालय निवडण्याचे स्वातंत्र्य ज्याच्या हाती, त्याने दुसऱ्याच्या न्यायालयाला पक्षपाती म्हणावे, हे शोभत नाही.

तिसरा आक्षेप विलंबाचा, आणि तोच सर्वांत खरा. दिवाळखोरीत काळ पैसा खातो. कारखाना वाचवायचा असेल, तर राज्य न्यायालयांच्या तारखांची वाट पाहता येत नाही. याचे उत्तर मुदतीत आहे. राज्य न्यायालयाने ठरावीक काळात निकाल दिला नाही, तर दावा संघीय न्यायालयाकडे परत यावा. जिथे हजारो सारखे दावे आहेत, तिथे निवडक प्रातिनिधिक दावे राज्यांच्या ज्यूरीपुढे चालवून त्यांच्या निकालांवरून बाकीच्यांचा अंदाज बांधावा. अनिश्चित देण्यांचा अंदाज करण्याचा अधिकार दिवाळखोरी न्यायालयाला कायद्याने आहेच. तो बंद खोलीतील तज्ज्ञांच्या आकडेमोडीवर न बेतता खऱ्या खटल्यांच्या निकालांवर बेतावा, एवढीच अपेक्षा.

यासाठी अमेरिकन काँग्रेसने दोन दुरुस्त्या कराव्यात. ज्या दाव्यात दोन्ही पक्ष दिवाळखोरीबाहेरचे आहेत आणि जो राज्याच्या कायद्यावर आधारला आहे, तो ‘संबंधित’ या शब्दातून स्पष्टपणे वगळावा. आणि राज्य न्यायालयासाठी हात आखडता घेण्याची सक्ती शारीरिक इजेच्या दाव्यांनाही लागू करावी.

आपल्याकडील कसोटी

भारतात न्यायव्यवस्था एकसंध असल्याने राज्य विरुद्ध संघ असा प्रश्न त्या स्वरूपात उद्भवत नाही. आपल्या घटनेच्या सातव्या परिशिष्टात दिवाळखोरी आणि नादारी हा विषय समवर्ती सूचीत आहे. इंग्रजी अमलात मुंबई, कलकत्ता, मद्रास या इलाखा शहरांसाठी १९०९ चा कायदा आणि उच्च न्यायालये, तर मुफसलासाठी १९२० चा कायदा आणि जिल्हा न्यायालये, अशी विभागणी होती. २०१६ च्या संहितेने कंपन्यांच्या बाबतीत राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरण पुढे आणले, आणि दिवाळखोरीतून वा दिवाळखोरीच्या संबंधात उद्भवणारे कायद्याचे आणि वस्तुस्थितीचे प्रश्न सोडवण्याचा व्यापक अधिकार त्याला दिला. शब्द बदलले, पेच तोच राहिला. ‘संबंध’ कुठवर ताणायचा?

सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर संयमाने दिले आहे. कर्नाटकातील एका खाणपट्ट्याच्या प्रकरणात डिसेंबर २०१९ मध्ये त्याने सांगितले, की सरकारने सार्वजनिक कायद्याखाली घेतलेल्या निर्णयाची छाननी हे न्यायाधिकरण करू शकत नाही. गुजरात ऊर्जा विकास निगमच्या प्रकरणात मार्च २०२१ मध्ये त्याने स्पष्ट केले, की केवळ दिवाळखोरीच्याच कारणाने वीजखरेदीचा करार मोडला गेला असेल तर न्यायाधिकरण हस्तक्षेप करू शकते. दिवाळखोरीशी नाते नसलेले कराराचे वाद मात्र त्याच्या कक्षेत येत नाहीत. वाद दिवाळखोरीतून जन्मला, की दिवाळखोरीच्या वेळी केवळ हजर होता, हा तो भेद. अमेरिकेला दोन शतकांत जी रेषा पक्की करता आली नाही, ती आपल्याला वेळीच गवसली आहे. ती पुसट होऊ न देणे आपल्या हाती आहे.

दिवाळखोरीचा कायदा हा मुळात दयेचा आणि शिस्तीचा कायदा आहे: प्रामाणिक ऋणकोवर दया, उतावळ्या धनकोंना शिस्त. त्या कामासाठी एक मजबूत केंद्रीय न्यायालय लागते, आणि अमेरिकेने ते उभारले, हे योग्यच झाले. पण जो ऋणको नाही त्याला दया देणे आणि ज्याने काही उचललेले नाही त्याला शिस्त लावणे, हे त्या न्यायालयाचे काम नव्हे. दिवाळखोराच्या देण्यांची वाटणी संघराज्याने करावी. बाकीचे तंटे जिथे जन्मले तिथेच मिटावेत. आपल्या गावच्या न्यायालयात उभे राहण्याचा नागरिकाचा हक्क दुसऱ्याच्या दिवाळ्यात लिलावाला निघता कामा नये.